छातीला बांधायचा दोर

कूलरमधलं करपलेलं गवत काढून नवं भरायचे दिवस आले, की जळगावचा उन्हाळा सुरू झाला असं समजावं. सकाळी नऊलाच गाडीची सीट चटके देते. रिक्षावाले ओला रुमाल डोक्यावरून कानांवर ओढून घेतात. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. सगळं गाव पडदे ओढून आत बसलेलं असतं, आणि त्या पडद्यांच्या फटींतून ते मलाच बघतंय असं मला वाटतं. हसा खुशाल. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही माझ्यावर संशय घ्यायला नको.

कामही तसंच मिळालं. ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. नळीत पाणी भरायचं, दाब वाढवत न्यायचा आणि कुठे ओल फुटते का ते बघत बसायचं. दिसायला चांगली असलेली नळी जास्त वेळ बघावी लागते. हे मी कामावर शिकलो की घरूनच शिकून आलो होतो, ते आता सांगता येणार नाही.

आज सकाळी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून पोहायचे कपडे काढले. काळ्या, जाड लायक्राची आखूड बंडी. तिच्यावर घालायचा लांब बाह्यांचा निळा टी-शर्ट. गुडघ्यापर्यंतची चड्डी. बंडी दोन्ही हातांनी ताणून बघितली, सोडली, परत ताणली. वर्षभर पडून राहिलेलं कापड ऐन वेळी दगा देतं म्हणतात, म्हणून तिसऱ्यांदा ताणली. मग बुडवून काढली आणि गॅलरीत न घालता खोलीतच दाराआड टांगली, कारण समोरच्या काकू लोकांचे वाळत घातलेले कपडे वाचतात. आपण पेपर वाचतो तसे. ओल्या लायक्राचा तो रबरासारखा वास खोलीत पसरला आणि तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा डोक्यात येऊन बसला. आता तो जून लागेपर्यंत उठायचा नाही.

मी पुरुष आहे. जन्मलो तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी माझ्या वडिलांना मुलगी झाली म्हणून सांगितलं, आणि पुढची चोवीस वर्षं सगळ्यांनी, मीसुद्धा, त्या बाईंचा शब्द राखला. चोविसाव्या वर्षी घरी खरं सांगितलं. आई आधी भांडली, मग आजारी पडली, मग एके दिवशी बाजारातून माझ्यासाठी बनियन घेऊन आली. वडील दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. ते काहीच बोलले नाहीत. कागदोपत्री नाव बदलून ‘सिद्धांत’ झालं, औषधं सुरू झाली, आवाज उतरला, हनुवटीवर मोजून घेता येईल एवढी दाढी आली. छातीचं ऑपरेशन तेवढं राहिलं. अजूनही राहिलंच आहे. तोवर छाती बांधून ठेवायची.

बांधून ठेवायची म्हणजे काय, हे पंचेचाळीसच्या उन्हात करून बघितल्याशिवाय कळत नाही. मी सुरुवात केली क्रेप बँडेजने, पाय मुरगळल्यावर गुंडाळतात ना, त्याने. ते चालता चालता घट्ट होत जातं. दुपारपर्यंत फासळ्या एकमेकींवर चढल्यासारख्या वाटायच्या, आणि खाली घामोळ्यांचं शेत पिकायचं. कारखान्यात शिंक आली तर मी ती गिळायचो, कारण शिंकलं की डोळ्यांपुढे काजवे. मग कुणीतरी सांगितलं की बाळंतिणीचा पट्टा बरा, चिकटपट्टीचा असतो, पटकन बसतो. गेलो मेडिकलवर.

“कुणासाठी?” दुकानदाराने विचारलं.

“बहिणीसाठी.” मला बहीण नाही.

“साइज?”

“माझ्याएवढीच आहे.”

“नॉर्मल की सिझर?”

“सिझर.”

“काय झालं?”

“मुलगा,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“अरे वा! मग पेढे कुठायत?”

चार महिन्यांत पट्ट्याची चिकटपट्टी झिजली. परत गेलो. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, “परत?” मी म्हटलं, ही दुसरी बहीण. “तिला काय झालं?” तिलाही मुलगाच, मी म्हणालो. तो पट्टा कागदात गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे असा बघत राहिला की त्या दिवसापासून मी दोन चौक सोडून पलीकडच्या मेडिकलला जातो. डोकं दुखलं तरी गोळीला तिकडेच.

पण हे सगळं सहन होत होतं. होत नव्हती ती एकच गोष्ट, पाणी.

माझे थोरले काका, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, रावेरकडच्या एका गावात तीन एकर केळी करतात. लहानपणी परीक्षा संपली की त्याच आठवड्यात मी एसटीने त्यांच्याकडे. तेव्हा त्यांच्या विहिरीला स्वतःचं पाणी होतं. नानांनीच पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मला पोहायला शिकवलं. आठव्या वर्षी डबा सुटला, नवव्या वर्षी मी विहिरीच्या काठावरच्या दगडी थारोळ्यावरून सूर मारायला लागलो. वरून उन्हाची भट्टी आणि खाली ते गार, काळंशार, केळीच्या मुळांचा वास असलेलं पाणी. नाकात पाणी जाऊन मेंदूला झिणझिण्या यायच्या, ते सुख मला नंतर कशातच मिळालं नाही. बाराव्या वर्षी काकूंनी काठावरच हात धरला. “आता पुरे झालं. मोठी झालीस.” कारण कुणी सांगितलं नाही. चुलतभाऊ धडाधड उड्या मारत राहिले आणि मी त्यांचे कपडे सांभाळत बसलो. एकजण खालून ओरडला, “माझी चड्डी उडाली वाऱ्यानं, धर!” मी धावत जाऊन ती धरून आणली. त्या चड्डीचा मला इतका राग आला होता, की तो आजही पुरता गेलेला नाही.

सोळा वर्षं मी पाण्यात उतरलो नाही. मधे एकदा जळगावातल्या एका जलतरण तलावावर गेलो होतो. सकाळची बॅच पुरुषांची, दुपारची बायकांची. दारावर पाटी: पोहण्याचा पोशाख सक्तीचा, टी-शर्ट घालून उतरता येणार नाही. जाळीतून बघितलं. पुरुष उघडे, ओले, पोटं सुटलेली, कुणालाच कुणाची फिकीर नव्हती. ते बघून मला भयंकर हेवा वाटला. रखवालदाराने विचारलं, “पाहिजे का फॉर्म?” मी म्हटलं, पुतण्यासाठी चौकशी करतोय. म्हणजे आता दोन बहिणी, दोन भाचे आणि एक पुतण्या.

मग विक्रांतभाऊ आले. म्हणजे आधी त्यांचा मेसेज आला. फोनवरच्या एका ग्रुपमध्ये मी विचारलं होतं, पाण्यात छातीला काय घालावं. धुळ्याहून उत्तर आलं, “मी शिवतो. ये.” नाव नाही, फोटो नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसा मी आठ दिवस तो मेसेज फुंकत बसलो. हा फसवणारा असेल. फोटो काढून कारखान्यात पाठवीन म्हणून धमकावणारा असेल. शेवटी लिहिलं, धुळ्याच्या बसस्टँडवर भेटू, गर्दीत, दुपारी बारा वाजता. तिथे उभा होता तो चाळिशीचा, जाड मिशीचा, गळ्यात मोजपट्टी घातलेला माणूस. मोजपट्टी घालून बसस्टँडवर! मला वाटलं जमीन फाटावी.

विक्रांतभाऊंचं धुळ्यात कबड्डी-कुस्तीचे ड्रेस शिवायचं दुकान. ते माझ्यासारखेच. पण हे सांगितल्यावरही मी त्यांच्या मिशीकडे पाच मिनिटं संशयाने बघत होतो. दुकानात नेऊन शर्टावरूनच त्यांनी माप घेतलं. मी रोज काय बांधतो ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मोजपट्टी खाली ठेवली.

“भो, मरशी तू एक दिन,” ते म्हणाले. मग माझ्यासाठी धुळ्याची अहिराणी जरा आवरून त्यांनी समजावलं. क्रेप नको म्हणजे नकोच. पट्टा पोटासाठी असतो, छातीसाठी नाही. एकावर एक कधी घालायचं नाही. आठ तासांच्या वर नाही, झोपताना नाही. “आणि पाणीमा तर ढिल्लंच पायजे. पाणी वरून दाबस, कपडा बाहेरून दाबस, मंग मानूस दम कोठून लेई?”

पुढच्या खेपेला बंडी तयार होती. पुढे दोन पदर, पाठीला एकच, काखेत शिवण बाहेरून, म्हणजे आत घासणार नाही. वरून गडद रंगाचा टी-शर्ट घाल म्हणाले, ओला पांढरा कपडा चहाडी करतो. मी घालून आलो तर ते म्हणाले, “आते हास.”

“काय?”

“हास ना भो. मोठ्याने. हसता आलं तर माप बरोबर.”

मला हसू येईना. त्यांनी एक विनोद सांगितला. तो इतका भिकार होता की मला त्यांची दया येऊन हसू फुटलं. बंडी हलली, पण दाटली नाही. आरशात छाती सपाट दिसत होती. अगदी पाटीसारखी नाही, पण एखाद्या गुबगुबीत माणसाची असावी तशी. विक्रांतभाऊ खूश. आणि मी? मी बसमध्ये बसल्या बसल्या विचार करायला लागलो, की यांनी ती सैल शिवली आणि आता सैलच चांगली म्हणून माझ्या गळ्यात मारतायत. पाण्यात लायक्रा आणखी सुटलं तर? असं माझं मन. त्याला तुम्ही सोनं द्या, ते आधी दगडावर घासून बघेल, आणि मग दगडच खोटा आहे म्हणेल.

मे लागला आणि नानांचा फोन आला.

नाना मला माझ्या जुन्या नावाने हाक मारत नव्हते आणि नव्यानेही नाही. वडिलांनी त्यांना सगळं सांगितलं होतं एवढंच मला माहीत होतं. काय सांगितलं आणि नाना काय म्हणाले, ते मी विचारलं नव्हतं. त्यांनी मधला रस्ता काढला होता.

“जयभीम, पाइपवाले!” ते फोनवर म्हणाले. “आपल्या शेततळ्याचा कागद फाटला हाये वाटते. पानी चाललं. येजो एकदा, पाह्य.”

आमच्याकडे विहिरींना आता पाणी राहिलं नाही. बोअरचं पाणी शेततळ्यात साठवतात आणि तिथून ठिबकला सोडतात. शेततळं म्हणजे मोठा उतरता खड्डा, आत काळं प्लास्टिक अंथरलेलं. त्याला सगळे कागदच म्हणतात. कागद फाटला की पाणी जमिनीत जातं, हे खरं. पण त्यासाठी रावेरात दुकानं आहेत, माणसं आहेत. जळगावहून मलाच का?

“तुले आत उतरून हातानं चाचपा लागीन,” नाना म्हणाले. “पोहनं इसरला तं नाही ना?”

मी फोन ठेवला आणि छातीत धडधडायला लागलं. अर्धी धडधड पाण्याची होती आणि अर्धी संशयाची. सोळा वर्षांनी कुणी मला पाण्यात उतर म्हणत होतं, तेही नाना, तेही स्वतःहून. का?

गेलो. केळीच्या बागांना त्या दिवसांत गरम वारं झोडपत असतं. पानांच्या चिंध्या होऊन ती दिवसभर फडफडतात. काकू गेल्यापासून नाना शेतातल्या खोलीतच राहायचे. त्यांचे सगळे शर्ट केळीच्या चिकाने डागळलेले, काळपट. तो डाग कशानेच जात नाही. त्यांनी माठातलं पाणी दिलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला, आणि संध्याकाळी शेततळ्यावर नेलं.

मी काठावर उभा राहून बघितलं, आणि माझ्यातला तपासणीवाला जागा झाला. प्लास्टिकवर पाण्याच्या काठाला शेवाळाची हिरवी रेघ होती, आणि पाणी बरोब्बर त्या रेघेला टेकलेलं. पाणी खरंच जात असतं तर ती रेघ वर उघडी पडून वाळली असती. म्हणजे कागद फाटलेला नाही. म्हणजे नाना खोटं बोलतायत.

तेवढ्यात नानांनी खांबावर गुंडाळलेला दोर सोडला. “उद्या उतरजो. उतरताना मी हा छातीले बांधीन.”

“मला पोहता येतं, नाना.”

“पोहाचं काय घेऊन बसला? कागद शेवाळानं बुळबुळा झालेला असते. पोहनाराच बुडते, कारन त्याले वर चढता येत नाही. आमच्याकडे बिना दोराचा कोनी उतरत नाही.”

“मग कमरेला बांधा.”

“कमरेचा दोर मानसाले उलटा करते. डोकं खाली जाते. काखेतून, छातीलेच बांधा लागते. मी बांधीन.”

झालं. आता सगळं जुळलं. कागद फाटलेला नाही, तरी मला बोलावलं. पाण्यात उतर म्हणतात. आणि स्वतःच्या हाताने माझ्या छातीला दोर बांधणार. यांना हात लावून बघायचंय, खाली काय आहे ते. वडिलांनी फोनवर सांगितलेलं खरं की खोटं, ते चाचपून बघायचंय, आंबा पिकलाय का ते बघावं तसं. ज्या माणसाने मला पोहायला शिकवलं त्याच्याबद्दल असं वाटावं, याची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी केळीचा ट्रक येणार होता. नाना घड भरून द्यायला रस्त्याकडेच्या शेडकडे गेले. म्हणाले, दुपारनंतर उतरू. मी ठरवलं, दुपारच्या आधीच उतरायचं. एकदा पोहून घ्यायचं, आणि ते आले की म्हणायचं, बघितलं, कागद ठीक आहे, मी निघतो.

आणि मग मी ती चूक केली. लायक्राच्या बंडीवर माझा भरवसा नव्हता. कुणी शेडकडून आलंच, आणि ओल्या कापडातून काही दिसलं तर? म्हणून आधी बाळंतिणीचा पट्टा आवळला, त्यावर बंडी, त्यावर टी-शर्ट. विक्रांतभाऊंनी जे जे करू नको म्हणून सांगितलं होतं, ते सगळं एकाच वेळी. दुसरी चूक याहून मोठी. दोर खांबालाच बांधलेला होता. तो नुसता हातात धरून उतरलो असतो तरी चाललं असतं. पण माझ्या मनाने हिशेब केला, की दोर ओला झाला तर नानांना कळेल मी एकटा उतरलो होतो. म्हणून मी दोर कोरडा ठेवला. कोपऱ्यात मोटारीचा जाड पाइप पाण्यात सोडलेला होता. म्हटलं, त्याला धरून वर येऊ. पाइप हा माझा प्रांत.

उतरलो. पहिल्या दहा सेकंदांत मी बारा वर्षांचा झालो. पाणी वरून कोमट आणि गुडघ्यांखाली गार. मी हात मारले, एकदा, दोनदा, पाचदा. हात विसरले नव्हते. मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, म्हणून श्वास घ्यायला गेलो, आणि श्वास आलाच नाही. अर्ध्यावर येऊन थांबला. परत घेतला, परत अर्धाच. पट्टा, बंडी, पाणी. दम मिळेना म्हणून हात जोरात मारले, आणि जोरात मारले म्हणून दम आणखी संपला. पाइप गाठला. त्याचा वरचा भाग उन्हाने असा तापलेला की हात लावताच सुटला. खालचा भाग शेवाळाने गुळगुळीत. कागदावर पाय रोवायला गेलो की सुर्रकन खाली. तीनदा घसरलो. चौथ्यांदा तोंडात पाणी गेलं. आपण आता मरणार, आणि मेल्यावर लोक कपडे काढणार, आणि पट्टा बघणार, हे माझ्या मनात आलं. बुडतानाही मला तीच काळजी होती. काय म्हणावं या जन्माला!

नाना कधी आले मला माहीत नाही. ट्रक उशिरा येणार होता म्हणून परतले होते. काठावर माझ्या चपला दिसल्या. ते ओरडले नाहीत. दोराचा फास येऊन माझ्या डोक्यावर आपटला आणि वरून आवाज आला, “काखेतून घे. हळू.” मी घेतला. त्यांनी खांबाला वेढा दिला आणि वावभर, वावभर ओढत राहिले. मी पोटावर सरपटत वर आलो, घोरपडीसारखा.

बांधावर पडलो होतो आणि श्वास अजून अर्ध्यावरच. नानांनी दोर सोडवला. तो सोडवताना त्यांची बोटं छातीच्या कडेला लागली आणि थांबली.

“काय घातलं हे आत?”

बोलायला हवाच नव्हती.

नाना उठले, चार पावलं गेले आणि माझ्याकडे पाठ करून केळीकडे तोंड करून उभे राहिले. “मी तिकडे पाह्यतो,” ते म्हणाले. “काढ ते. लवकर.”

मी टी-शर्टाखाली हात घातला, बंडी वर सारली आणि चिकटपट्टी ओढली. चर्रर्र असा मोठा आवाज झाला. पट्टा बाजूला पडला, आणि हवा आत आली. खालपर्यंत, पोटापर्यंत आली. मी बंडी परत नीट केली आणि कितीतरी वेळ नुसता श्वास घेत बसलो. नाना तसेच उभे, उन्हात, पाठमोरे. मी “झालं” म्हणेपर्यंत ते वळले नाहीत.

मग माझ्या तोंडून ते निघालंच.

“नाना, तुम्हाला दोर नव्हता बांधायचा. तुम्हाला हात लावून बघायचं होतं.”

“हो,” नाना म्हणाले.

आयुष्यभर संशय घेतला, पण समोरच्याने असा सरळ कबूल केलेला हा पहिलाच.

“तुझा बाप फोनवर रडला,” नाना म्हणाले, माझ्याकडे न बघता. “म्हने पोरगं दिवसभर छाती आवळून ठेवते. घरी येते तव्हा झोपीत कन्हते. इचारलं तं सांगत नाही. तुमीच पाहा म्हने, नाना. आता मी काय पाहू? शर्ट वर कर म्हनू तुले? म्हतलं, दोर बांधताना समजीन. किती आवळलं, दम घेता येते का नाही, ते दोराले समजते.”

मला रडू आलं. वडील गप्प राहिले याचा मी इतकी वर्षं एकच अर्थ लावला होता, आणि तो माणूस फोनवर भावाजवळ रडत होता. मी ओल्या बाहीने तोंड पुसलं. बाही ओली असल्यामुळे काहीच पुसलं गेलं नाही.

नाना थोडा वेळ उगाच दोराची गुंडाळी करत बसले. मग उभे राहिले. “चाल. कागद तं पाहाचा राह्यलाच.”

“आता?”

“मंग कव्हा? भेव बसून जाईन अंगात. एकदा बसलं का निघत नाही ते.” त्यांनी दोराचं टोक पुढे केलं आणि थांबले. “बांधू?”

असं मला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरने नाही, बँकेतल्या साहेबाने नाही, ओळखपत्रावरचा फोटो आणि माझं तोंड आलटून पालटून बघणाऱ्या कुणीच नाही. ते सरळ बघायचे. मी सवयीप्रमाणे विचार केला, की यात आणखी काय डाव असेल. विचार केला, पण काही सापडलं नाही. मी दोन्ही हात वर केले. वयात आल्यापासून चारचौघांत मी हात खांद्याच्या वर नेले नव्हते.

नानांनी काखेखालून दोर घेतला. “दम घे,” म्हणाले. मी घेतला. “आनखी घे.” आणखी घेतला. दोर दाटला तसा त्यांनी दोन बोटं सैल केला आणि गाठ मारली. “जाय.”

तासभर मी पाण्यात होतो. केवळ ती एक बंडी आणि टी-शर्ट अंगावर. विक्रांतभाऊंची मनातल्या मनात दहा वेळा माफी मागितली. चारही बाजूंनी कागद चाचपला, कोपरे चाचपले, जोड चाचपले. दम धरून खाली गेलो, वर आलो, परत गेलो. मधेच काम सोडून पाठीवर पडून राहिलो, छाती आभाळाकडे करून. नाना काठावर दोर मनगटाला गुंडाळून, टोपी डोळ्यांवर ओढून बसले होते. ट्रकचा हॉर्न वाजला, परत वाजला. ते उठले नाहीत.

शेवटी काठाशी आलो.

“नाना, मी सगळा बघितला. कागद कुठेच फाटलेला नाही.”

नानांनी पाण्याकडे बघितलं. शेवाळाच्या रेघेकडेही बघितलं, माझ्या आधीपासून बघत असावेत तसं.

“मंग उद्या परत पाह्य,” ते म्हणाले.